डोंगरातल्या गावाभोवती ग्रॅव्हल बाईकचे रस्ते शोधायचे कसे?

चढणवाली:

नमस्कार मंडळी. बदली होऊन डोंगरातल्या एका लहानशा शहरात येऊन पडले आहे. चहूबाजूंनी डोंगर, मधून नदी आणि नदीला धरून जाणारा एकच हमरस्ता. त्या रस्त्यावर सायकल चालवायची म्हणजे ट्रकच्या धुरात नाक घालून बसायचं. म्हणून मुद्दाम ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरही चालणारी सायकल, घेतली. ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर, पुढे ४० दात, मागे मोठ्यात मोठी चकती ४२ दातांची.

आता सायकल आहे आणि रस्ते सापडत नाहीत. म्हणजे नकाशात करड्या तुटक रेघा ढिगाने आहेत, पण त्यातली चाकांची कुठली आणि शेळ्यांची कुठली हे कळायला मार्ग नाही. एका अ‍ॅपकडे ३० किलोमीटरची ग्रॅव्हलची फेरी मागितली, तर त्याने मला दगडी पायऱ्यांच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. सायकल खांद्यावर घेऊन खाली आले. शिवाय तीच फेरी एक अ‍ॅप ९०० मीटर चढाईची म्हणतं आणि दुसरं १,३५० मीटरची. कुणाचं खरं धरायचं?

ओळखीचं कुणी नाही, दुसरा सायकलवाला अजून नजरेला पडलेला नाही. कुठे राहते ते मुद्दामच लिहीत नाही, कारण तयार मार्गांच्या लिंका नको आहेत, पद्धत हवी आहे. अनोळखी डोंगराळ मुलखात गेलात की पहिला रस्ता तुम्ही कसा हुडकता?

उतारू:

सोप्पं आहे. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवायच्या अ‍ॅपचा ग्लोबल हीटमॅप उघडा, लॉगिन करा (नाहीतर जवळून बघू देत नाही), सायकल निवडा. गेल्या वर्षभरात लोक जिथून गेले तिथे रेघा उजळलेल्या दिसतात. हमरस्ता सोडून जी रेघ उजळ आहे तिथे जायचं. लोक गेलेत म्हणजे जाता येतं. एवढा काथ्याकूट कशाला?

जुना ओव्हरसियर:

हीटमॅप वाईट नाही, पण ती दुसरी पायरी झाली. आणि 'लोक गेलेत म्हणजे जाता येतं' हे अर्धसत्य आहे. माउंटन बाईकवाले ज्या वाटेने फक्त खाली येतात ती वाटही तेवढीच लखलखते. कुठल्या दिशेने गेले, कुठल्या सायकलीवर गेले, किती वेळा उतरून ढकलली, यातलं काहीही ती रेघ सांगत नाही. लहान गावात तर उलटच होतं. सायकलवालेच नाहीत म्हणून उत्तम रस्ते काळेकुट्ट दिसतात.

ताई, मी नोकरीभर डोंगरात रस्त्यांची आखणी केली. लेव्हल, पट्टी आणि खुंट्या घेऊन कडे तुडवले. त्यामुळे माझी खोड वेगळी आहे. नकाशात रेघ दिसली की मी आधी विचारतो, ही कुणी काढली आणि कशासाठी? डोंगरात हौस म्हणून कुणी रस्ता कापत नाही. सुरुंग लावायचे, मोऱ्या घालायच्या, संरक्षक भिंती उचलायच्या. ज्याने हा खर्च केला त्याला त्यावरून काहीतरी जड न्यायचं होतं. काय न्यायचं होतं ते ओळखलंत, तर चढ किती असेल, वळण केवढं असेल आणि खाली सोलिंग (मोठ्या दगडांचा थर) पडलं असेल की नुसता मुरूम, याचा बराचसा अंदाज घरबसल्या येतो.

लाकूडतोडीचे जंगलरस्ते आपल्यासाठी पहिल्या पसंतीचे. ओंडके लादलेला ट्रक कच्च्यावरून न्यायचा, तर चढ साधारण दहा-बारा टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा-बारा मीटर वर. तुमच्या ४०-४२ला तेवढा पेलतो. लांब गाडी वळवायची म्हणून वळणंही मोकळी असतात. नकाशात असा रस्ता डोंगराच्या कुशीने समोच्च रेषांना (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) जवळजवळ समांतर जातो, मग एकदम हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण, घेतो, पुन्हा समांतर. ही नागमोड दिसली की निःशंक समजा, चाकांचा रस्ता. यात एकच गोम आहे. यातले पुष्कळ रस्ते कुठेच पोचत नाहीत. तोड जिथवर झाली तिथवर रस्ता, आणि टोकाला ट्रक फिरवायला व ओंडके रचायला एक गोल मोकळी जागा. उपग्रहाच्या चित्रात रेघेच्या शेवटी असा टक्कल पडल्यासारखा गोळा दिसला, तर पलीकडच्या खोऱ्यात उतरायचे बेत आखू नका.

उखडलेल्या रेल्वेमार्गावर नजर ठेवा. आगगाडीला चढ अजिबात सोसत नाही. दोन-तीन टक्के म्हणजे तिच्या दृष्टीने घाट. त्यामुळे असा मार्ग मिळाला तर दिवसभर गप्पा मारत चढता येतं. स्पेनने १९९३ पासून असे मार्ग सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी नीट करायला घेतले, आज त्यांचं जाळं ३,००० किलोमीटरच्या वर गेलं आहे. पण रूळ काढून खडी तशीच ठेवली असेल तर तिथे पाऊल टाकू नका. मुठीएवढे धारदार दगड, त्यात ४० मिलिमीटरचा टायर रुततो आणि कडाही कापल्या जातात. बोगदे असले तर दिवसाही दिवा हवा. आत पाणी ठिबकतं आणि जमीन दिसत नाही.

लष्कराने तोफा चढवायला काढलेल्या वाटा हा तिसरा खजिना. जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे इटलीतली कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही २,१७८ मीटरवरची खिंड. जुना लष्करी रस्ता तो. चढाचे वरचे सुमारे आठ किलोमीटर आजही कच्चे आहेत आणि २००५ पासून जिरो द इतालिया ही शर्यत अधूनमधून त्यावरून जाते. चढ सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास, पण एकसारखा. एकसारखा चढ ही मोठी चैन आहे. पाच टक्क्यांवर हुरळायला लावून पुढच्या वळणाला अठरा टक्के दाखवणारा रस्ता माणसाला जास्त थकवतो.

धरणाकडे जाणारे रस्तेही चांगले असतात, कारण अवजड यंत्रं त्यावरूनच वर गेलेली असतात. कालव्याच्या कडेचा सेवा रस्ता जवळजवळ सपाट, पायाला आराम, पण एका अंगाला कठडा नसलेलं पाणी आणि बहुधा फाटक.

फसवे रस्ते दोन. विजेच्या मनोऱ्यांखालची वाट तारेबरोबर नाकासमोर जाते, तारेला चढउताराचं सोयरसुतक नसतं. आणि जलविद्युत केंद्राच्या नळाशेजारची वाट, ती तर डोंगरावरून सरळ खालीच टाकलेली असते. मोबाइलच्या टॉवरकडे जाणारे रस्ते म्हणाल तर जीपचे, पंधरा-वीस टक्क्यांचे, वर टॉवर, पुढे काही नाही. नजारा हवा असेल तर जा.

हे घरी बसून मोजताही येतं. १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. समोच्च रेषा बहुधा २० मीटरला एक असते, तरी कोपऱ्यात बघून खात्री करा. एका सेंटिमीटरात रस्त्याने दोन रेषा ओलांडल्या तर ४० मीटर चढ, म्हणजे आठ टक्के. तीन ओलांडल्या तर बारा. चार ओलांडल्या तर सोळा, आणि कच्च्यावर सोळा म्हणजे मागचं चाक जागच्या जागी फिरणार आणि तुम्ही सायकलीच्या बाजूने चालणार. अ‍ॅपच्या आधी हे करा. तुमच्या पायऱ्या तिथेच ओळखू आल्या असत्या, कारण पायवाट रेषांना काटकोनात कापते.

तिसरा गिअर:

काकांच्या पोस्टला माझी पुरवणी. मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावर, रस्ते भरतो, बहुतेक सायकलची अ‍ॅपं तिथलाच डेटा वापरतात. त्यामुळे अ‍ॅप चुकतं तेव्हा पुष्कळदा कुणीतरी रेघ काढून माहितीचे रकाने रिकामे सोडलेले असतात.

रेघेवर क्लिक करून टॅग वाचायची सवय लावा. 'ट्रॅक' म्हणजे गाडीवाट, 'पाथ' म्हणजे बहुतेक वेळा पायवाट. ट्रॅकला ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रत असते आणि ती जमीन किती टणक आहे ते सांगते. ग्रेड १ जवळजवळ पक्का, ग्रेड २ दाबलेली खडी, ग्रेड ३ मध्ये टणक आणि मऊ निम्मं निम्मं, ग्रेड ५ म्हणजे नुसती माती नाहीतर गवत. ४० मिलिमीटरला १ ते ३. पाऊस पडून गेल्यावर ३ ला काट मारा.

'सरफेस' या रकान्यात 'ग्रॅव्हल' दिसलं की हुरळू नका. तिथल्या व्याख्येप्रमाणे तो टॅग रेल्वेच्या खडीसारख्या धारदार, मोठ्या दगडांसाठी आहे. लोक तो बारीक खडीलाही लावतात, त्यामुळे त्यावरून काहीच नक्की होत नाही. 'कॉम्पॅक्टेड' (दाबून घट्ट बसवलेली खडी) दिसलं तर मात्र सुटलात. 'स्मूदनेस' भरलेला असेल तर 'इंटरमीडिएट' आणि 'बॅड' आपल्यासाठी ठीक. नाव वाईट आहे, रस्ता नाही. 'व्हेरी बॅड'पासून माउंटन बाईकवाल्यांना देऊन टाका.

९०० आणि १,३५० चं कोडं सोपं आहे. उंचीचे आकडे बहुतेक अ‍ॅपं भूप्रदेशाच्या तयार जाळीवरून घेतात. जगभर वापरली जाणारी अशी एक जाळी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारने मोजलेली आहे. तिची चौकट साधारण ३० मीटरची. तुमचा रस्ता चार मीटर रुंद, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. रेघ जरा इकडे सरकली की जाळी वरच्या डोंगराची उंची देते, तिकडे सरकली की दरीची. कागदावर रस्ता उगाच खालीवर होतो आणि चढाईची बेरीज फुगते. बोगद्यावरून तर अ‍ॅप तुम्हाला अख्खा डोंगर चढवतं. कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याला म्हणून लहान आकडा जवळचा धरा. खात्री करायची तर काकांची रेषा मोजायची पद्धत आहेच.

आणखी एक. खिंडीपलीकडे जायचं असेल तर आधी सेंटिनेल-२ उपग्रहाची ताजी चित्रं बघा, कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे अरुंद रस्ता त्यात दिसेलच असं नाही. पण बर्फ अजून आहे का, दरड कोसळून रस्त्यावर नवा भुरा पट्टा आला आहे का, हे दिसतं. ढग नसतील तर साधारण पाच दिवसांपेक्षा जुनं चित्र बघावं लागत नाही. नेहमीच्या नकाशांतली उपग्रहचित्रं दिसायला सुंदर, पण कधीकधी काही वर्षांपूर्वीची असतात.

चढणवाली:

ओव्हरसियर काका, तुमची पोस्ट वाचून रात्री नकाशा घेऊन बसले, आणि जो रस्ता मी 'काहीतरी सरकारी असेल' म्हणून सोडून दिला होता तोच मिळाला! गावाच्या वरच्या अंगाला एक लहान धरण आहे. तिथवर समोच्च रेषांना धरून सहा किलोमीटर, पुढे पाच हेअरपिन, मग जंगलातून खिंड. एका सेंटिमीटरात कुठेही दोनच्या वर रेषा नाहीत. खिंडीपलीकडे डांबरी, तो फिरून गावात येतो. एकूण ३४ किलोमीटर, चढाई ७०० च्या आसपास. ट्रॅक म्हणून नोंद आहे, पण ग्रेड आणि सरफेस दोन्ही रिकामे. हीटमॅपवर अगदी पुसट.

आता प्रश्न दिशेचा. कच्च्याने चढून डांबरीने उतरू की उलट?

उतारू:

डांबरीने चढा, कच्च्याने उतरा! ग्रॅव्हल बाईक घेतलीत ती उतारासाठीच ना? खडीवर चढताना मागचं चाक घसरतं, दम जातो, मजा शून्य.

जुना ओव्हरसियर:

उतारूबुवा, ओळखीच्या रस्त्यावर तुम्ही म्हणता ते खरं. पहिल्या खेपेला मात्र कच्च्याने चढायचं, यात मी हटणार नाही.

चढताना वेग ताशी सात-आठ किलोमीटर. प्रत्येक खड्डा, प्रत्येक मोरी डोळ्यांखालून जाते. रस्ता बिघडला तर मागे फिरायचं, आणि मागे फिरल्यावर जो उतार लागतो तो तुम्ही नुकताच बघितलेला असतो. उलट दिशेने गेलात आणि आठ किलोमीटर उतरल्यावर पूल वाहून गेलेला दिसला, तर तेवढंच पुन्हा चढून या, तेही संध्याकाळी, पाय संपल्यावर.

दुसरं कारण पाण्याच्या चरी. जंगलरस्त्यावरचं पाणी बाजूला काढायला रस्त्यात तिरपी चर कापतात किंवा मातीचा उंचवटा घालतात. कधी त्यात लाकडाची नाहीतर लोखंडाची पन्हळ बसवलेली असते. वरून येताना झाडांच्या सावलीत ती दिसत नाही. आणि ती तिरपी असते ही खरी मेख आहे. पुढचं चाक पन्हळीला धरून आडवं वळतं आणि माणूस सरळ पुढे जातो. पन्हळ ओली असेल तर विचारूच नका. चरीवर चाक काटकोनात घालायचं, ब्रेक त्याच्या आधी मारून सोडून द्यायचा, बूड खोगिरावरून उचलायचं. चढताना त्या कुठे आहेत ते ध्यानात ठेवा, पुढच्या वेळी खुशाल वरून या.

तसंच वळणाच्या अलीकडची खडबड. गाड्या ब्रेक मारतात आणि पुन्हा वेग घेतात तिथे खडीला आडव्या लाटा पडतात. त्या लाटांवर टायर जमिनीला धड टेकतच नाही, आणि नेमका तिथेच आपल्याला ब्रेक हवा असतो. रस्त्याची अगदी कड किंवा मधली गवताची पट्टी बहुधा शाबूत राहते, तिथून घ्या. मध्ये गवत आहे याचा अर्थ चारचाकी येते पण रोज येत नाही, आपल्याला असाच रस्ता हवा. गवत दोन्ही चाकोऱ्यांतही वाढलं असेल तर पुढे झाड पडलेलं असणार असं धरून चला.

वेळेचा हिशोब किलोमीटरवर करू नका. मी कच्च्यावर तासाला ४०० मीटर चढाई धरतो, तरणी माणसं ५०० धरोत. तुमचे ७०० म्हणजे पावणेदोन तास नुसते चढाचे. डोंगरात दुपारनंतर ढग जमतात, तेव्हा सकाळीच निघा. आणि हजार मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास गारठा वाढतो. घामेजल्या अंगाने डांबरी उतार धरलात की बोटं ब्रेकवर आखडतात, पातळ का होईना विंडचीटर पाठीशी ठेवा.

तिसरा गिअर:

हवेच्या दाबाचं राहिलं. ट्यूबलेस ४० असेल आणि तुम्ही साठ-पासष्ट किलोच्या असाल तर ३० पीएसआयच्या आसपास सुरुवात करून बघा. रिम दगडावर ठणठणली तर दोन वाढवा, सायकल खडीवर उड्या मारत असेल तर दोन उतरवा. ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब बरोबर ठेवा, कड कापली गेली की सीलंट (टायरमधला भोकं बुजवणारा द्रव) काही करत नाही.

नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. खोऱ्यात रेंज जाते, आणि रेंज शोधता शोधता फोन बॅटरी खातो. निघताना घरच्या किंवा शेजारच्या कुणाला तरी मार्ग आणि परतायची वेळ सांगून ठेवा, एकट्या जाताय म्हणून.

वाटसरू:

सगळे खडी आणि चढाचं बोलताय, परवानगीचं कुणीच नाही. रस्ता आहे म्हणजे सायकल चालते असं नसतं, आणि नियम देशागणिक पार उलटे आहेत. ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरायची सर्वांना मुभा आहे, पण जंगलरस्त्यावर सायकल घालायला मालकाची किंवा रस्ता सांभाळणाऱ्याची संमती लागते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या सायकलस्वाराला बहुतेक जमिनीवरून जायचा हक्कच आहे. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये जंगलातल्या दोन मीटरहून अरुंद वाटेवर सायकल चालत नाही. अमेरिकेत 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या भागात सायकल पूर्ण बंद, मग रस्ता कितीही रुंद असो.

धरणाचा रस्ता तर हमखास कुणाच्या तरी ताब्यात असतो. ओपनस्ट्रीटमॅपवर 'अ‍ॅक्सेस' हा टॅग बघा, पण तोही बऱ्याचदा रिकामा असतो. मग माणसांना विचारा. 'रस्ता चांगला आहे का' असं विचारू नका, चांगला म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं. 'ट्रॅक्टर जातो का? कुठवर जातो? पावसानंतरही जातो का? फाटक कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे?' असं विचारा. पहारेकरी, वनरक्षक, गुराखी, दूध गोळा करणारे, यांना खरं ठाऊक असतं. मोटारवाल्याला विचारून उपयोग नाही, तो काच वर करून हमरस्त्याने जातो.

चढणवाली:

धरणाच्या पहारेकऱ्याला तुमचेच चार प्रश्न विचारून आले. पायी आणि सायकलला बंदी नाही, मोटारींना आहे. फाटकाच्या बाजूने माणूस जाईल एवढी फट आहे. ट्रॅक्टर तिसऱ्या हेअरपिनपर्यंत जातो, त्यापुढे गेल्या पावसाळ्यात रस्त्याची बाहेरची कड खचली आहे, 'पण तुमची सायकल आतल्या अंगाने निघेल' असं तो म्हणाला. रविवारी सकाळी निघते, कच्च्याने चढून. कड खचलेली जागा बघून ठरवेन पुढे जायचं की परतायचं.

जुना ओव्हरसियर:

खचलेल्या जागी सायकलवरून उतरून, डोंगराकडच्या अंगाने चालत जा. आधी रस्त्यात कडेला समांतर भेगा आहेत का ते बघा. ताज्या भेगा असतील आणि त्यांत पाणी मुरत असेल, तर तिथूनच मागे फिरायचं, पहारेकरी काही का म्हणेना.

तिसरा गिअर:

आणि परत आल्यावर ते रिकामे रकाने भरा. सगळ्या रेघेला एकच ग्रेड लावू नका. धरणापर्यंत एक तुकडा, तिसऱ्या हेअरपिनपर्यंत दुसरा, वरचा तिसरा, जिथे जमीन बदलते तिथे रेघ तोडून. अडलात तर इथेच विचारा, मी बघतो.